जुन्या संगणकाला छोटा पर्याय निवडताना

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबवला. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. थांबल्या त्या सुरक्षेच्या मोफत दुरुस्त्या. वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी एका वर्षाची मुदतवाढ योजना आहे. पण ती सोय तात्पुरती आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा किंवा एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१७ च्या आधीची यंत्रे जवळपास सगळीच बाद. गोव्यातील कितीतरी घरांत, दुकानांत, वाचनालयांत, हिशेबनिसांच्या कार्यालयांत टेबलाखाली उभा असलेला आणि ज्याला आपण सरसकट ‘सीपीयू’ म्हणतो तो भलामोठा डबा याच वर्गात मोडतो. त्याच्या जागी तसाच दुसरा डबा आणण्याची आता गरज नाही. पुस्तकाच्या आकाराचा संगणक तेच काम करतो. मात्र तो निवडण्याची सुरुवात दुकानात नव्हे, जुन्या यंत्रापाशी करावी लागते.

पहिला प्रश्न असा की, बदल खरोखर हवा आहे का? संगणकाच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये प्रोसेसरचे नाव दिसते. आय५-४५७० असे असेल तर चौथी पिढी, आय५-८५०० असेल तर आठवी. आकडा पाच अंकी असेल, जसे १०४००, तर पहिले दोन अंक पिढी सांगतात. आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचे यंत्र रेंगाळत असेल तर दोष बहुधा फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. अशी डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबीच्या आसपास माहिती वाचते, आणि विखुरलेल्या छोट्या फायली वाचताना तिचा वेग याच्याही कितीतरी खाली येतो. साधी साटा एसएसडी सेकंदाला पाचशे एमबीच्या पुढे जाते. अशा यंत्रात एसएसडी बसवून मेमरी वाढवली की त्याला आणखी काही वर्षे सहज मिळतात. टीपीएम नाही असा संदेश येत असेल तर ते केवळ बंद ठेवलेले असण्याचीही शक्यता असते. इंटेलच्या बोर्डांवर ते ‘पीटीटी’ या नावाने बायोसमध्ये सापडते. ही पाच मिनिटांची तपासणी न करता नवा संगणक सुचवणाऱ्या विक्रेत्यापासून चार हात दूर राहावे.

यंत्र खरोखरच जुने निघाले, तर छोट्या संगणकांचा विचार करावा. ही कल्पना नवी नाही. ॲपलचा मॅक मिनी २००५ मध्ये आला. पुढे इंटेलने चार इंच चौरस बोर्डावरचा ‘नक’ आणला आणि २०२३ मध्ये तो व्यवसाय असूसकडे सोपवला. या यंत्रांत बहुतेक वेळा लॅपटॉपचे किंवा कमी वीज खाणारे प्रोसेसर असतात. वीज कमी म्हणून उष्णता कमी, उष्णता कमी म्हणून पंखा लहान आणि पेटीही लहान. मोठ्या डब्यातली बरीचशी जागा एरवी रिकामीच असते, हे एकदा झाकण उघडून पाहिल्यास पटेल.

नव्या यंत्रांपैकी स्वस्त वर्ग इंटेलच्या एन१०० आणि त्याच घराण्यातील एन१५० या प्रोसेसरांचा. एन१०० हा २०२३ चा, चार कोअरचा आणि अवघ्या सहा वॉटच्या आराखड्याचा. पत्रव्यवहार, बँकेचे व्यवहार, जीएसटी विवरणपत्रे, चित्रफिती पाहणे, मुलांचा अभ्यास या सगळ्याला तो पुरतो. छायाचित्रांचे भारी संपादन किंवा एकाच वेळी चाळीस टॅब उघडण्याची सवय असेल तर तो दमतो. यात मेमरीला सहसा एकच खाच असते, त्यामुळे सुरुवातीलाच १६ जीबी घ्यावी. साठवण ‘ईएमएमसी’ प्रकारची असेल तर तो नमुना सोडून द्यावा. ती संथ असते आणि बोर्डाला डकवलेली असल्याने बदलता येत नाही. अनोळखी नावाच्या पेट्यांबाबत विंडोजचा परवाना खरा आहे का आणि ॲडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी आहे का, हे विचारावेच. संगणक आणि ॲडॅप्टर या दोन्हींना ही नोंदणी भारतात सक्तीची आहे. ‘बेअरबोन’ असे लिहिले असेल तर आत मेमरी, एसएसडी आणि प्रणाली यांपैकी काहीही नाही, हे समजून भाव पाहावा.

आमच्या मते बहुतेकांसाठी अधिक शहाणपणाचा मार्ग वेगळा आहे, तो म्हणजे मोठ्या कंपन्यांनी कार्यालयांसाठी बनवलेल्या एक लिटर आकाराच्या यंत्रांचा. लेनोवोचे ‘टायनी’, डेलचे ‘मायक्रो’, एचपीचे ‘मिनी’ ही ती यंत्रे. भाडेपट्टा संपला की ती नूतनीकृत होऊन बाजारात येतात. २०१८ चा आय५-८५००टी घ्या: सहा कोअर, ३५ वॉट, शेवटचे ‘टी’ हे अक्षर कमी विजेची खूण. जुना असूनही अनेक कामे एकत्र हाताळण्यात तो एन१०० च्या पुढे राहतो. बहुतेक नमुन्यांत मेमरीच्या दोन खाचा, एम.२ एसएसडीची जागा आणि शिवाय अडीच इंची डिस्कचीही सोय असते. सुटे भाग मिळतात आणि झाकण एका स्क्रूवर उघडते. धोका एकच, पण मोठा. सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रे बाहेरून हुबेहूब अशीच दिसतात आणि थोडी स्वस्त मिळतात. काही विक्रेते त्यांच्यावरही आडमार्गाने विंडोज ११ चढवून देतात. असे यंत्र आज चालते, पण पुढचे मोठे अद्यतन मिळेलच याची हमी कोणी देत नाही. पिढीचा आकडा बिलावर लिहून घ्यावा. बायोसला आधीच्या मालकाचा पासवर्ड नाही ना, ॲडॅप्टर मूळ कंपनीचा आहे ना, हे दुकानातच सुरू करून पाहावे.

मॅक मिनीबद्दल थोडक्यात. २०२४ च्या एम४ नमुन्यापासून सर्वांत स्वस्त प्रतीतही १६ जीबी मेमरी येते आणि यंत्र उत्तम आहे. पण मेमरी पुढे वाढवता येत नाही, जुन्या चौकोनी यूएसबीचे एकही छिद्र त्यावर नाही, आणि केवळ विंडोजसाठी लिहिलेली आज्ञावली त्यावर थेट चालत नाही. रास्पबेरी पाय हे शिकण्याचे आणि प्रयोगांचे सुंदर साधन. दुकानाचा हिशेब त्याच्यावर टाकू नये.

आता मूळ मुद्दा. जुन्या डब्याच्या मागे काय काय लटकले आहे? मॉनिटर जुना असेल तर त्याला निळ्या टोपीची व्हीजीए वायर असते. नव्या छोट्या यंत्रांवर एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट असतो. दोघांना जोडणारा परिवर्तक स्वस्तात मिळतो, पण तो आधीच आणून ठेवावा. डीव्हीडी ड्राइव्ह या यंत्रांत नसतो. बिले छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर २५ पिनांच्या पोर्टवर असेल तर यूएसबीची वायर मिळते. मात्र डॉसच्या काळातील बिलिंग आज्ञावली थेट त्या पोर्टलाच लिहिते, तिला ही वायर दिसत नाही. शिवाय विंडोज ११ केवळ ६४ बिटमध्ये येते, आणि ६४ बिट विंडोजवर १६ बिटच्या जुन्या आज्ञावल्या उघडतच नाहीत. वजनकाटा किंवा तत्सम उपकरण सिरियल पोर्टवर असेल तर एक लिटरच्या काही नमुन्यांत तो पोर्ट पर्याय म्हणून मिळतो. खरेदीआधी यंत्राची मागची बाजू पाहावी.

मराठी वापरकर्त्यांपुढे याहून अवघड एक गाठ आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी टंकलेले मराठी लिखाण विशिष्ट फॉन्टशी बांधलेले आहे. देवस्थानच्या महाजनांच्या याद्या, संस्थांची इतिवृत्ते, स्मरणिका, नाट्यसंहिता असे कितीतरी साहित्य गोव्यात अशा फायलींत पडून आहे. तो फॉन्ट नव्या यंत्रावर नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन ढीग दिसतो. काही टंकन-प्रणाल्या यूएसबी किंवा त्याहून जुन्या पोर्टवरच्या ‘कुलपा’शिवाय उघडत नसत, त्या नव्या विंडोजवर चालतीलच असे नाही. म्हणून जुने यंत्र सुरू आहे तोवरच तीन गोष्टी कराव्यात. फॉन्टच्या फायली वेगळ्या काढून ठेवाव्यात, प्रत्येक महत्त्वाच्या दस्तऐवजाची पीडीएफ प्रत करावी, आणि मजकूर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणून जोडाक्षरे, रफार व ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासावी, कारण परिवर्तक नेमका तिथेच चुकतो. पुढील टंकनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक विंडोज आणि लिनक्स या दोन्हींत अंगभूत आहे. फॉन्टची आणि विशेष आज्ञावलीची गाठ सुटली की लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणालीही विचारात घेता येते. ती जुन्या डब्यालाही नवे आयुष्य देते.

आपल्या हवामानाचा विचार निवडीत हवाच. किनाऱ्यावरची खारी दमट हवा धातूचे टोक खाते आणि पावसाळ्यात वीज लपंडाव खेळते. छोटे यंत्र मॉनिटरच्या पाठीमागे कंसाने बसवता येते. त्यासाठी मॉनिटरवर १०० किंवा ७५ मिलिमीटर अंतरावरची चार छिद्रे असावी लागतात. बंद कपाटात किंवा भिंतीला चिकटवून ते ठेवू नये. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे बंद ठेवण्यापेक्षा अधूनमधून चालू करावे, म्हणजे आतली ओल सुकते (आणि मुंग्यांनाही घर सापडत नाही). मोठ्या डब्याऐवजी छोटे यंत्र घेतल्याने सरासरी ५० वॉट वाचले, तर दिवसाला आठ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरता १२० युनिट वाचतात. बिलात ही फार मोठी रक्कम नव्हे. खरा लाभ यूपीएसचा: ज्या यूपीएसवर जुने यंत्र काही मिनिटे तगत होते, त्याच्यावर छोटे यंत्र कितीतरी अधिक वेळ चालते. अर्थिंग मात्र तपासून घ्यावे. ते नसेल तर यंत्र कितीही चांगले असले तरी व्यर्थ.

२०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढले आहेत, तेव्हा मेमरी नसलेले यंत्र स्वस्त वाटले तरी बेरीज करून पाहावी. जुन्या डब्यातील लांब मेमरी-पट्ट्या छोट्या यंत्रात बसत नाहीत. त्यांना लॅपटॉपची आखूड पट्टी लागते. घरात नादुरुस्त लॅपटॉप असेल आणि त्यात डीडीआर४ पट्टी असेल तर ती त्याच प्रकारच्या यंत्रात वापरता येते. संगणकावर १८ टक्के जीएसटी आहे. नोंदणीकृत व्यापाऱ्याने आपल्या क्रमांकासह बिल घेतल्यास नियमांनुसार त्याची वजावट मिळते. आखातातून येणाऱ्या नातेवाइकाकडून यंत्र मागवण्याचा मोह आपल्याकडे मोठा असतो. तिथली वॉरंटी इथे लागू होतेच असे नाही, आणि वायरीचे टोक ब्रिटिश पद्धतीचे असते.

नवे यंत्र आले तरी जुने निदान महिनाभर हलवू नये. त्या महिन्यात एकदा बिल छापून पाहावे, एकदा विवरणपत्र भरावे, एक जुनी मराठी फाइल उघडावी. सगळे जमले की जुनी हार्ड डिस्क काढून यूएसबीच्या पेटीत घालावी आणि जपून ठेवावी, किंवा पूर्ण पुसून टाकावी; केवळ फायली ‘डिलीट’ केल्याने माहिती जात नाही. उरलेला डबा भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे कंपनीच्या संकेतस्थळावर जुने यंत्र परत देण्याची सोय शोधता येते.