निर्वासित की घुसखोर? भारतात हे कोण आणि कसं ठरवतं?

कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश नागरिक राहत होते. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेल्या या लोकांमध्ये बायका आणि लहान मुलंच जास्त होती. ते गेल्यानंतर त्याच छावणीत फाळणीमुळे सिंधमधून आलेली कुटुंबं राहायला आली. कापडाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेलं गांधीनगर ते हेच. तिकडे कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि त्यातून उल्हासनगर उभं राहिलं.

म्हणजे निर्वासित हा विषय आपल्याला नवा नाही. तरीही भारतात आजवर निर्वासितांसाठी वेगळा कायदा झालेला नाही. मग सरकार कोणाला ठेवून घेतं, कोणाला परत पाठवतं आणि ते कशाच्या आधारावर?

कायदा नेमका काय म्हणतो?

कायद्याच्या दृष्टीने भारतातली प्रत्येक व्यक्ती एक तर नागरिक असते किंवा परदेशी. परदेशी व्यक्तीकडे वैध पासपोर्ट आणि व्हिसा हवा. ते नसतील किंवा व्हिसाची मुदत संपूनही ती राहिली असेल, तर ती 'बेकायदेशीर स्थलांतरित' ठरते. ती कामाच्या शोधात आली की जीव वाचवायला, हा फरक कायदा करत नाही.

१ सप्टेंबर २०२५ पासून 'इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५' लागू झाला आहे. त्याने १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार जुने कायदे रद्द केले. वैध कागदपत्रांशिवाय देशात शिरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. बनावट पासपोर्ट किंवा व्हिसा वापरल्यास शिक्षा दोन ते सात वर्षांची आहे. हॉटेल, रुग्णालय आणि शिक्षणसंस्थांना आपल्याकडच्या परदेशी लोकांची माहिती द्यावी लागते.

या कायद्यातही निर्वासित म्हणजे कोण, याची व्याख्या नाही. पण विशिष्ट गटांना सूट देण्याचा अधिकार केंद्राकडे आहे. सगळी मेख इथेच आहे.

मग तिबेटी लोक इथे कसे राहतात?

सरकारने ठरवलं म्हणून. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले. त्यांच्यामागून आलेल्या तिबेटी लोकांना सरकारने जमीन देऊन वसाहती उभारून दिल्या. त्यातली एक महाराष्ट्रात, गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावजवळ आहे. तिबेटींना नोंदणी प्रमाणपत्र मिळतं आणि त्याचं वेळोवेळी नूतनीकरण करावं लागतं. थंडीत आपल्या शहरात स्वेटर विकायला बसणाऱ्यांपैकी अनेकांची ओळख या प्रमाणपत्रावर टिकून आहे.

श्रीलंकेत १९८३ मध्ये हिंसाचार उसळल्यानंतर आलेल्या तमिळांसाठी तमिळनाडूत छावण्या उभ्या राहिल्या. त्यांचं राहणं, धान्य आणि मदत सरकारकडूनच होते.

अफगाणिस्तान, म्यानमार अशा देशांतून आलेल्यांचे अर्ज मात्र संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक संस्था 'यूएनएचसीआर' दिल्लीत तपासते आणि पात्र ठरलेल्यांना कार्ड देते. पण या कार्डामुळे भारतात राहण्याचा कायदेशीर हक्क मिळत नाही. केंद्राच्या २०११ च्या कार्यपद्धतीनुसार, छळाच्या भीतीने आलेल्या व्यक्तीचं प्रकरण योग्य वाटल्यास तिला दीर्घ मुदतीचा व्हिसा देता येतो. पण ही सरकारी कार्यपद्धती आहे, कायदा नव्हे. त्यामुळे निर्णय शेवटी गृह मंत्रालयाचाच.

राज्य सरकार आसरा देऊ शकतं का?

राज्यघटनेत नागरिकत्व, परदेशी नागरिक आणि देशातला प्रवेश हे विषय केंद्राच्या सूचीत आहेत. प्रत्यक्षात मात्र माणसं येतात ती कुठल्या तरी राज्यात. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता ताब्यात घेतल्यावर चिन समाजाचे हजारो लोक मिझोराममध्ये आले. केंद्राने सीमावर्ती राज्यांना घुसखोरी रोखायला सांगितलं होतं. पण चिन आणि मिझो यांचं नातं जुनं असल्याने मिझोरामने त्यांना आसरा दिला.

सीएए यात कुठे बसतो?

सीएए हा निर्वासितांचा कायदा नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात २०१९ मध्ये केलेली ती दुरुस्ती आहे. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि बांगलादेशातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन यांना 'बेकायदेशीर स्थलांतरित' मानलं जात नाही. नागरिकत्वासाठी लागणारी वास्तव्याची ११ वर्षांची अट त्यांच्यासाठी पाचवर आणली आहे. नियम मार्च २०२४ मध्ये आले.

मुस्लीम, श्रीलंकेचे तमिळ, म्यानमारचे रोहिंग्या आणि तिबेटी या यादीत नाहीत. समर्थकांच्या मते हा शेजारी देशांतल्या अल्पसंख्याकांना दिलेला आधार आहे. विरोधकांच्या मते धर्म ही कसोटी समानतेच्या तत्त्वाला धरून नाही. या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आलं आहे.

परदेशी माणसाला भारतात काहीच हक्क नाहीत का?

आहेत. घटनेचे कलम १४ (कायद्यापुढे समानता) आणि कलम २१ (जीविताचा हक्क) प्रत्येक 'व्यक्ती'ला लागू आहेत, फक्त नागरिकांना नाही. १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातल्या चकमांना हुसकावण्याच्या धमक्या येत होत्या. तेव्हा त्यांच्या जिवाचं रक्षण करणं हे राज्याचं कर्तव्य असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं.

पण याला मर्यादा आहे. एप्रिल २०२१ मध्ये जम्मूतल्या रोहिंग्यांना परत पाठवण्यावर बंदी घालायला याच न्यायालयाने नकार दिला. देशात वास्तव्य करण्याचा हक्क कलम १९ मधला आहे आणि तो फक्त नागरिकांना आहे, असा त्यामागचा तर्क होता. फक्त, परत पाठवताना ठरलेली प्रक्रिया पाळावी लागेल, असं न्यायालयाने बजावलं.

आधार कार्ड असलं की नागरिक?

नाही. आधार हे ओळखीचं आणि वास्तव्याशी जोडलेलं कार्ड आहे, नागरिकत्वाचा पुरावा नाही, असं आधार कायद्यातच म्हटलंय. निव्वळ आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असल्याने कोणी नागरिक ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केलं.

इथेच हा विषय आपल्या दारापर्यंत येतो. एखाद्याच्या नागरिकत्वावर प्रश्न निर्माण झाला, तर आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच व्यक्तीवर असते. १९४६ च्या कायद्यात ही तरतूद होती, नव्या कायद्यातही आहे. जन्मदाखला नसलेला, गाव सोडून शहरात राबणारा गरीब भारतीयही त्यात अडकू शकतो.

मग कायदा का होत नाही?

निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर आणि १९६७ च्या त्याच्या पूरक करारावर भारताने सही केलेली नाही. सीमा लांबलचक आणि सच्छिद्र आहेत. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी लोक आले होते. कायद्याने हात बांधले गेले तर सुरक्षेचा आणि शेजाऱ्यांशी संबंधांचा विचार करून निर्णय घेता येणार नाही, अशी बाजू मांडली जाते.

दुसरी बाजू अशी, की कायदा म्हणजे सगळ्यांना दार उघडणं नव्हे. अर्ज कुठे करायचा, निर्णय किती दिवसांत, नकार मिळाल्यास अपील कुठे, हे त्यात ठरलेलं असतं. खरा निर्वासित आणि खोटी कागदपत्रं घेऊन आलेला माणूस यांतला फरकही त्यामुळे लवकर कळतो. शशी थरूर यांनी २०१५ मध्ये लोकसभेत असं खासगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही.

त्यामुळे पुढच्या वेळी 'निर्वासित' किंवा 'घुसखोर' असा शब्द असलेली पोस्ट समोर आली, तर फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी बघा: ती व्यक्ती कुठून आणि कधी आली, तिच्या गटाला सरकारने सूट दिली आहे का आणि निकाल कोणी दिला आहे, अधिकाऱ्याने, न्यायालयाने की फक्त व्हॉट्सॲप ग्रुपने?