गांजा, गर्भवती आणि नवजात बालक : एका न विचारलेल्या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा

करवीरनगरीलगतचे कळंबा हे गाव कोल्हापूरकरांना दोन गोष्टींमुळे परिचित आहे : तेथील तलाव आणि मध्यवर्ती कारागृह. या कारागृहाच्या भिंतीवरून गांजा आत फेकल्याच्या बातम्या डिसेंबर 2020 मध्ये वृत्तपत्रांतून आल्या होत्या. गांजाची कागदोपत्री नोंद साधारणपणे अशाच ठिकाणी सापडते. तुरुंग, पोलीस ठाणे, अबकारी खाते. गर्भवतीने गांजा वा भांग सेवन केल्यास नवजात बालकाच्या आरोग्यावर काय परिणाम होतो, या प्रश्नाचा भारतातील इतिहास हा बव्हंशी न विचारलेल्या प्रश्नाचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

शार्ङ्गधरसंहितेत भंगा व अफू यांची गणना ‘व्यवायी’ द्रव्यांत, म्हणजे पचनापूर्वीच सर्व शरीर व्यापणाऱ्या द्रव्यांत केली आहे. पाश्चात्य वैद्यकात 1851 मध्ये एडिनबर्गच्या अलेक्झांडर क्रिस्टिसन याने प्रसूतीच्या कळा वाढविण्यासाठी भारतीय गांजाचा उपयोग नोंदविला. तेथे विचार होता तो गर्भाशयाच्या आकुंचनाचा.

1893 मध्ये ब्रिटिश सरकारने ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालील या सात सदस्यीय आयोगाने सुमारे 1,200 साक्षी घेतल्या आणि 1894 मध्ये अहवाल दिला. मुंबई इलाख्यातील गांजाच्या लागवडीचे प्रमुख क्षेत्र अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्हा होते. त्याचीही पाहणी या अहवालात आहे. माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, सबब संपूर्ण बंदी अनावश्यक, हा त्याचा सुप्रसिद्ध निष्कर्ष होय. आयोगाच्या प्रश्नावलीत संततीविषयीही प्रश्न होता : ही सवय आनुवंशिक आहे काय आणि सेवन करणाऱ्याच्या मुलांवर तिचा काही परिणाम होतो काय? परंतु त्याचा रोख आनुवंशिकतेवर होता, गर्भारपणावर नव्हे. गांजाने वेड लागते या समजुतीची शहानिशा करताना आयोगाने वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी एकेक करून तपासल्या आणि त्यांतील कित्येक अविश्वसनीय ठरविल्या. अशी चिकाटी प्रसूतिगृहांच्या वाट्याला आली नाही. आयोगाचे सातही सदस्य पुरुष होते, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

या ठिकाणी कोल्हापूरचा एक संदर्भ अपरिहार्यपणे आठवतो. 1886 मध्ये कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाच्या प्रमुखपदी डॉ. आनंदीबाई जोशी यांची नियुक्ती केली होती. पेनसिल्व्हेनियातील त्यांच्या पदवीच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. पदभार स्वीकारण्यापूर्वीच, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, पुणे येथे त्यांचे निधन झाले. इतिहासात जर-तरला स्थान नाही हे मान्य करूनही, आयोगासमोर अशी साक्ष झाली असती तर तिचे स्वरूप काय असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

कारण स्त्री-डॉक्टरने मातांनाच विचारले की काय हाती येते, याचा दाखला मुंबईतच मिळतो. गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिविषयक पाहणीसाठी मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स यांनी 1922 च्या अहवालात असे नमूद केले की, या स्त्रियांच्या 98 टक्के बालकांना अफू दिली जाते. आई पाळीवर गेली की मूल निजून राहावे म्हणून ‘बाळगोळी’ दिली जाई. हा दोष मातृत्वाचा नव्हे, तर कामाच्या तासांचा होता. मुंबई विधिमंडळाने प्रसूतिलाभाचा कायदा 1929 मध्ये केला. गांजाविषयी अशी पाहणी कोणी केली नाही.

गांजातील मादक द्रव्य (टीएचसी) मेदात विरघळते, वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचते आणि स्तन्यातही उतरते, हे आता सिद्ध आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने 2017 मध्ये गर्भारपणातील गांजाच्या धूम्रपानाचा कमी जन्मवजनाशी असलेला संबंध भक्कम पुराव्यानिशी मान्य केला. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात 6,61,617 गर्भवतींच्या नोंदींवर आधारित 2019 च्या अभ्यासात, इतर घटक जुळवून घेतल्यानंतरही, गांजा घेणाऱ्या मातांमध्ये अकाली प्रसूतीचा धोका सुमारे 1.4 पट आढळला. उलटपक्षी मेलानी ड्रेहर यांच्या जमैकातील अभ्यासात (1994) महिन्याच्या बालकांत अपाय दिसला नव्हता. हा अभ्यास लहान होता, तरी तो दडवून ठेवणे अभ्यासकाला शोभणार नाही. तंबाखू, दारिद्र्य आणि कुपोषण यांपासून गांजाचा परिणाम वेगळा काढणे कठीणच असते.

ऑन्टारिओतील नोंद मातांच्या स्वतःच्या सांगण्यावर आधारलेली होती आणि अशा केवळ 1.4 टक्के स्त्रियांनी सेवन मान्य केले. प्रत्यक्ष प्रमाण अधिक असण्याची शक्यता संशोधकांनीही गृहीत धरली. भारतात तर सांगणेच जोखमीचे आहे. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजाचे सेवन हा सहा महिन्यांपर्यंत कैदेस पात्र गुन्हा आहे. केवळ पानांची भांग त्याच कायद्याच्या व्याख्येबाहेर राहते, परंतु गर्भाला हा भेद कळत नाही. कळंब्याच्या एखाद्या गर्भवतीने तपासणीच्या वेळी खरे सांगावे अशी अपेक्षा करताना, तिचे उत्तर वैद्यकीय नोंद ठरणार की कबुलीजबाब, हे आधी तिला कोणी तरी सांगावे लागेल.