स्थलांतरितांचे श्रद्धास्थान आणि शहरविस्तार : पाणचक्कीच्या जतनाचा प्रश्न

प्रस्तावना :
स्थलांतरित समाज नव्या भूमीत आपले श्रद्धास्थान उभारतो. कालांतराने तो समाज विखुरला, की त्या वास्तूची काळजी वाहणारे कमी होतात आणि वाढत्या शहराचा ताण तिच्यावर पडतो. मुंबईच्या फोर्ट भागातील आर्मेनियन व्यापाऱ्यांचे १७९६ चे चर्च १९५७ मध्ये नव्याने बांधण्यात आले आणि मूळ वास्तू नाहीशी झाली. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील पाणचक्कीचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. येथे वास्तू उभी आहे. धोका आहे तो तिला पाणी पुरविणाऱ्या नहरीला. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
औरंगजेबाच्या दख्खन मोहिमांच्या काळात मध्य आशियातील अनेक तुराणी सैनिक येथे आले. गाजीउद्दीन खान फिरोजजंग यांच्या सैन्यासोबत वावरणारे बाबा पलंगपोश (मृ. १६९९) आणि त्यांचे अनुयायी बाबा शाह मुसाफिर (मृ. १७१५) हे नक्शबंदी परंपरेचे सूफी होत. शाह मुसाफिर बुखाऱ्याजवळील गिजदुवानचे. 'मुसाफिर' हे नावच स्थलांतराची साक्ष देते. खाम नदीकाठचा त्यांचा तकिया परमुलखातून आलेल्या सैनिकांचा व फकिरांचा आधार बनला. त्यांचे उत्तराधिकारी बाबा शाह महमूद (मृ. १७६२) यांनी संकलित केलेल्या 'मल्फूजात-ए-नक्शबंदिया' या फारसी ग्रंथातून या समाजाचे दैनंदिन जीवन समजते. सायमन डिग्बी यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद २००१ मध्ये प्रसिद्ध केला.

जलव्यवस्था :
अठराव्या शतकात तुर्कताज खान व जमील बेग खान या सरदारांच्या आश्रयाने येथे जलव्यवस्था विकसित झाली. हर्सूलच्या बाजूने मातीच्या नळांतून पाणी आणून ते उंच भिंतीवरून हौदात सोडण्यात आले. त्याच पाण्याच्या जोरावर फिरणाऱ्या जात्यावर फकिरांसाठी व पाहुण्यांसाठी धान्य दळले जाई. हौदाचा तळ हेच खालील दालनाचे छत असल्याने ते दालन उन्हाळ्यातही थंड राहते. म्हणजेच पाणी हे येथील अलंकरण नसून आतिथ्यधर्माचे साधन होते.

जतनाची समस्या :
आवाराची देखरेख वक्फ मंडळाकडे आहे. नहर मात्र आवाराबाहेरून, बहुतांशी जमिनीखालून येते. हर्सूल परिसर आता शहराचा भाग झाला आहे. रस्ते, भूखंड व इमारतींसाठी होणाऱ्या खोदकामात अशा न दिसणाऱ्या नळांना सर्वाधिक धोका संभवतो. एका ठिकाणी नळ फुटला, तरी त्याचा परिणाम थेट हौदापर्यंत पोहोचतो.

निष्कर्ष :
केवळ दर्गा, मशीद व हौद यांची डागडुजी म्हणजे पाणचक्कीचे जतन नव्हे. नहरीच्या संपूर्ण मार्गाचे सर्वेक्षण करून तो विकास आराखड्यात दर्शविणे आणि त्यावरील बांधकामास परवानगी देण्यापूर्वी तज्ज्ञांचे मत घेणे आवश्यक आहे. महाविद्यालयांचे इतिहास व भूगोल विभाग या सर्वेक्षणाचा आरंभ करू शकतात. पाणी थांबले, तर इमारत उरेल. परंतु मुसाफिरांना अन्न देणारी ती संस्था इतिहासातून पुसली जाईल.