विषाणूच्या रिकाम्या कवचातून औषधी प्रथिने

मानखुर्द स्थानक मागे पडले की हार्बर मार्गावरील पनवेल लोकल खाडीपूल ओलांडून पुढे खारघरला पोहोचते. टाटा स्मारक केंद्राची ‘अॅक्ट्रेक’ ही कर्करोग संशोधन संस्था तेथेच आहे. पवईच्या आयआयटीने या केंद्राच्या साथीने विकसित केलेल्या ‘नेक्सकार १९’ या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. यात रुग्णाच्या टी-पेशी शरीराबाहेर काढून, निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत त्यांत नवे जनुक घातले जाते. विषाणू येथे हमालाचे काम करतो. याच हमालाच्या पाठीवर जनुकाऐवजी तयार प्रथिन लादता येईल काय, याचा शोध जगभर सुरू आहे.

त्याची गरज उघड आहे. प्रथिने नाजूक असतात. ती पोटात पचून जातात, रक्तात त्यांचे विघटन होते आणि पेशीच्या आत ती सहसा शिरत नाहीत. म्हणूनच इन्सुलिन टोचून घ्यावे लागते, तर ‘गोशे’ या आनुवंशिक विकारात उणीव असलेले एन्झाइम दर दोन आठवड्यांनी शिरेतून द्यावे लागते.

रिकामी कवचे बनविणे आता नवलाचे नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही लस अशाच कवचांची आहे. पॅपिलोमा विषाणूचे बाह्य प्रथिन वेगळे तयार केले की त्याचे रेणू आपोआप जुळून पोकळ गोळा बनतो. आत जनुकद्रव्य नसल्याने संसर्ग होत नाही.

खरे कौशल्य आहे ते भरण्यात. चवळीच्या पानांवर रोग पाडणाऱ्या एका विषाणूचे कवच जेमतेम २८ नॅनोमीटरचे. भोवतालच्या द्रावाची आम्लता कमी केली की ते किंचित फुगून त्याची छिद्रे उघडतात. आणखी कमी केली तर कवचाचे तुकडे सुटे होतात आणि आम्लता वाढविताच पुन्हा जुळतात. नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये त्यात एन्झाइम कोंडून दाखविले. ‘पी २२’ या जिवाणूभक्षक विषाणूबाबत युक्ती निराळी. त्याच्या कवचाला बांधताना आतून आधार देणाऱ्या प्रथिनाला औषधी प्रथिन जोडले जाते. मग कवच मालासकटच तयार होते. अमेरिकेत डेव्हिड लिऊ यांच्या गटाने २०२२ मध्ये जनुकदुरुस्ती करणारे प्रथिन अशा कणांतून उंदरांना दिले. आनुवंशिक अंधत्व असलेल्या उंदरांची दृष्टी त्याने अंशतः सुधारली.

अडचण मात्र कवचातच आहे. शरीराची प्रतिकारशक्ती त्याला चटकन ओळखते. लसीसाठी हा गुण. औषधवाहकासाठी तोच दोष, कारण पहिल्या मात्रेनंतर तयार झालेली प्रतिपिंडे दुसरी मात्रा वाटेतच अडवू शकतात. कवचावर पॉलिमरचा लेप देऊन ते झाकण्याचे प्रयोग झाले आहेत. परंतु ‘गोशे’च्या रुग्णाला एक-दोन नव्हे, आयुष्यभर मात्रा लागतात.