ठकीचा परकर

आमच्या तळ्याच्या बाजारपेठेत जुनं सामान घेणाऱ्याच्या टोपलीत मला एक ठकी मिळाली. ठकी म्हणजे आपली लाकडी बाहुली. वीतभर उंच, हात अंगालाच चिकटलेले, पाठीला किडीची भोकं आणि नाकाचा टवका उडालेला. अंगात मळका टेरिलीनचा फ्रॉक. 50 रुपयांना घेतली. म्हटलं, घासूनपुसून ऑइलपेंटचा हात मारू, नवी नऊवारी नेसवू, की झाली नातीची बाहुली तयार!

घरी येऊन फ्रॉक उसवला, तर खाली परकर-पोलकं. हातशिलाईचं, टाके वेडेवाकडे, म्हणजे शिवणारी लहानच असणार. काठ कुणाच्या तरी जुन्या लुगड्याचा. तेही अलगद काढलं. आत लाकडावर रंगवलेलं लुगडं, गळ्यात मंगळसूत्र, कपाळी कुंकू. माझा हात थांबला. कारागिरानं ठकी सवाष्ण म्हणून रंगवली होती आणि कुणा मुलीनं तिला परकर घालून पुन्हा कुमारिका केलं होतं!

भातुकलीत बाहुला-बाहुलीचं लग्न लागे, विहिणी रुसत, पंगती उठत. ती पुढच्या संसाराची तालीमच असे. रमाबाई रानडे यांचं लग्न 1873 मध्ये झालं, तेव्हा त्या 11 वर्षांच्या होत्या. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यानं वय 10 चं 12 केलं, तरी केवढं वादळ उठलं! 1929 च्या शारदा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय 14 ठरवलं, तर 18 व्हायला 1978 उजाडलं. या परकरामागे कायदा होता, असं मी म्हणणार नाही. पण ज्या मुलींनी आठवणी लिहून ठेवल्या नाहीत, त्यांच्या हातचे असे चार टाके हाही इतिहासच.

मग ऑइलपेंटचा डबा बंद केला. जुने रंग पाण्यानं सुटतात, म्हणून मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झाडली. भोकांत लाकडाचा भुसा चिंचोक्याच्या खळीत कालवून भरला. सावंतवाडीचे चितारी गंजिफांचे गोल पत्ते रंगवण्याआधी हीच खळ वापरत आले आहेत. 1970 च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी ती कला राजवाड्यात पुन्हा उभी केली. खळीचा गुण असा, की उद्या कुणाला माझी डागडुजी पसंत पडली नाही, तर ओलसर फडक्यानं ती काढता येते. ऑइलपेंट मात्र जुन्या रंगासकट निघाला असता. नाकाचा टवका तसाच ठेवला.

परकराची विरलेली शिवण मागून मलमलीची पट्टी लावून धरली. जुना टाका एकही उसवला नाही. फ्रॉक धुऊन, घडी घालून ठकीजवळच ठेवला. तोही कुणा मुलीच्या हौसेचाच.

नातीनं विचारलं, "आजी, हिचं लग्न झालंय?" मी परकर उचलून आतलं लुगडं दाखवलं आणि सगळी हकिगत सांगितली. ती म्हणाली, "मग परकरच राहू दे."

तुमच्या माळ्यावर अशी एखादी ठकी असेल, तर रंगाचा डबा उघडण्याआधी तिचे कपडे एकेक करून उलगडून पाहा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)