दंडावरचा वण

आमच्या आजीच्या तोंडी ‘लस’ हा शब्द नव्हता. ‘माझ्या देवी काढल्यात,’ असं म्हणत ती चोळीची बाही सारून दंडावरचे खोलगट वण दाखवायची. रोगाचं नाव देवी, उपायाचंही देवीच.

हिंदुस्थानात सर्वांत आधी देवी काढल्या त्या एका मुलीच्या. 14 जून 1802, मुंबई. ॲना डस्टहॉल, वय वर्षं तीन. व्हिएन्नाहून बगदाद, बसरा असं करत लस बंदरावर उतरली होती. शीतपेट्या कुठल्या? एकाच्या दंडावरच्या फोडातला द्राव दुसऱ्याच्या दंडात, असाच तिचा बराचसा प्रवास. ॲनाच्या फोडातून मुंबईतल्या आणखी पाच मुलांना टोचलं आणि तिथून लस पुण्याला, सुरतेला, हैदराबादेला, मद्रासला गेली. या देशातल्या लसीकरणाचा वंशवेल एका पोरीच्या दंडातून फुटला.

पुढे टोचणारा गावोगाव फिरे. तो दारात आला की मुलगा-मुलगी निवडायला घरच्यांना फारसा वाव नसे, असं मला वाटतं. देवी गेल्या. 1978 पासून बीसीजी, त्रिगुणी अशा लशी सरकारी कार्यक्रमात आल्या, 1985 मध्ये सार्वत्रिक लसीकरण सुरू झालं. आता एका टोच्यावर भागेना. जन्मल्यावर, दीड, अडीच, साडेतीन महिन्यांनी, पुन्हा नवव्या महिन्यात. लस फुकट, पण प्रत्येक खेपेला रोज बुडणार, रात्री तापलेलं पोर घेऊन बसावं लागणार. कुणासाठी रोज बुडवायचा, हा हिशेब इथे शिरला. 2005-06च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सर्व लशी मिळालेले मुलगे सुमारे 45 टक्के होते, मुली 42.

त्यातही सगळ्या मुली सारख्या नव्हत्या. मोनिका दासगुप्ता यांनी 1987 मध्ये पंजाबातल्या खेड्यांबद्दल दाखवलं, की आबाळ होते ती मुख्यतः बहिणींच्या पाठीवर आलेल्या मुलीची. आपल्याकडे तिला नावच होतं: नकुशा. 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात अशा 285 मुलींची नावं बदलावी लागली.

मग आशाताई यादी घेऊन पुन्हा दारात येऊ लागल्या. 2019-21च्या पाहणीत मुलगे-मुलींमधला तो फरक जवळपास मिटलेला दिसतो.

आता गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लसही मिळते. पुण्यात तयार होणाऱ्या लशीला 2022 मध्ये परवानगी मिळाली. घरात नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल, तर या आठवड्यात या लशीची चौकशी करा.