धनुर्शिकार, हरणाची : धनुष्याचा ताण व पात्याची निवड

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात धनुष्यबाणानेही केली जाते. नवशिक्यापुढे सुरुवातीलाच दोन प्रश्न येतात : धनुष्य किती पौंड ताणाचे घ्यावे आणि बाणाला कोणते पाते (ब्रॉडहेड) लावावे. चर्चा रंगते ती पहिल्या प्रश्नावर. हरीण लवकर मरणार की जखमी होऊन जंगलात हरवणार, हे मात्र बरेचसे दुसऱ्यावर ठरते.

पूर्वपीठिका. ‘याही’ या मूलनिवासी जमातीचा इशी १९११ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे लोकांसमोर आला. सॅन फ्रान्सिस्कोतील शल्यविशारद सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य घडवायला आणि शिकार करायला शिकला. इशी १९१६ मध्ये क्षयाने वारला. पोपचे या विषयावरील पुस्तक १९२३ मध्ये निघाले. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये हरणासाठी धनुष्याचा हंगाम ठेवला. मिझुरीच्या होलेस विल्बर ॲलनला कंपाउंड धनुष्याचे पेटंट १९६९ मध्ये मिळाले आणि ताणाचा सगळा हिशेबच बदलला.

ताण. साध्या किंवा रिकर्व्ह धनुष्यात दोरी जितकी मागे येते तितका भार वाढत जातो. नेम धरताना तो पूर्ण भार बोटांवर असतो. छापलेला आकडा २८ इंच ओढीचा असतो. ज्याचे हात आखूड त्याला प्रत्यक्षात कमी ताण मिळतो. कंपाउंडमध्ये टोकांवरच्या विकेंद्री चाकांमुळे भार वाटेत शिखर गाठतो आणि पुढे एकदम उतरतो. ५० पौंडांच्या धनुष्यात ८० टक्के भार उतरत असेल तर शेवटी हातावर १० पौंडच राहतात. नवशिका इथेच फसतो. धरून ठेवणे सोपे वाटते, पण त्याआधी शिखर ओलांडावे लागते, आणि तेही झाडावरच्या मचाणावर, दोन-तीन तास थंडीत आखडल्यानंतर, जाड कोट घालून, वीस यार्डांवरच्या सावध जनावराला चाहूल लागू न देता.

म्हणून खरी परीक्षा दुकानात उभे राहून होत नाही. खुर्चीत बसावे, पाय जमिनीवरून उचलावेत, धनुष्य लक्ष्याच्या रेषेत धरावे आणि दोरी सावकाश सरळ मागे आणावी. बाण आभाळाकडे वळला किंवा खांदा कानाशी गेला तर ताण जास्त आहे. बहुतेक कंपाउंडमध्ये धनुष्याच्या भुजांच्या मुळाशी असलेले बोल्ट ठरलेल्या मर्यादेत सैल करून तो कमी करता येतो. स्नायू तयार झाले की तेच बोल्ट पुन्हा आवळता येतात.

कायद्याने विस्कॉन्सिनमध्ये किमान ३० आणि पेनसिल्व्हेनियात ३५ पौंड लागतात. बहुसंख्य प्रौढांना ४० ते ५० पौंडांचे कंपाउंड जवळच्या अंतरावर पुरते. ईस्टन या बाण-उत्पादकाच्या प्रचलित तक्त्यात हरणासाठी २५ ते ४१ फूट-पौंड ऊर्जा दिली आहे. ४०० ग्रेन वजनाचा बाण सेकंदाला २४० फूट वेगाने सुटला तर सुमारे ५१ फूट-पौंड मिळते. सत्तर पौंडांचा अट्टहास करणारा नवशिका वेग मिळवतो आणि नेम गमावतो.

पाते. बाण धक्क्याने मारत नाही. दोन्ही फुप्फुसांतून गेलेली धार रक्तवाहिन्या कापते आणि जनावर रक्तस्रावाने कोसळते. विस्कॉन्सिन व पेनसिल्व्हेनिया या दोन्ही राज्यांत पात्याची किमान रुंदी ७/८ इंच आहे. नेहमीची वजने १०० व १२५ ग्रेन.

स्थिर पात्यात हलणारा भाग नसतो. टोकापासूनच कापणारे पाते सर्वांत कमी शक्ती खाते. मिटून जाणारे, लागताच उघडणारे पाते रुंद जखम करते, पण उघडण्यात ऊर्जा खर्चते. त्यामुळे कमी ताणाच्या धनुष्याला स्थिर पातेच योग्य. मात्र स्थिर पाती बाणाच्या पुढच्या टोकाला छोट्या पंखांसारखी वारा धरतात, आणि धनुष्याच्या जुळणीत किंवा बाणाच्या ताठपणात दोष असेल तर तो उघडा पाडतात. सरावाच्या टोकाने मध्यावर लागणारा बाण पाते लावताच सहा इंच बाजूला गेला, तर दोष पात्याला देऊन भागत नाही. ताणलेल्या कागदातून बाण सोडून फाटलेली भेग पाहावी. ती बाजूला लांबली असेल तर जुळणी चुकली आहे.

धार तपासायला रबरबँड ताणून पाते त्यावर नुसते टेकवावे. दाब न देता तो तुटला पाहिजे. फोमच्या लक्ष्यात मारलेले पाते नवी धार लावल्याशिवाय शिकारीला नेऊ नये. हा नियम नवशिके सर्वांत जास्त मोडतात, आणि त्याची शिक्षा हरणाला भोगावी लागते.

जखमी हरीण हरवणे विरळा नाही. मेरीलँडमधील इंडियन हेड या नौदल तळावरील दीर्घ नोंदींत बाण लागलेल्या ९०८ हरणांपैकी सुमारे १८ टक्के हाती आली नाहीत. हे शिकारी आधुनिक कंपाउंड व क्रॉसबो वापरणारे होते.

बाणाचे वजन. धनुर्शिकारी एड ॲशबीने आफ्रिकेत केलेल्या बाणांच्या भेदकतेच्या चाचण्यांनंतर ६५० ग्रेन व त्याहून जड बाणांचा पुरस्कार होतो. हरणासाठी ते कितपत आवश्यक, याविषयी मतभेद आहेत.

भारत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये हरणाची शिकार गुन्हा आहे. कंपाउंड धनुष्य इथे क्रीडांगणापुरते आहे : साताऱ्याची अदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिन येथे जागतिक अजिंक्यपदे मिळवली. या स्पर्धांत कमाल ताण ६० पौंड असतो.